डावीकडची खडखड

वैशाली नगर, भिलाई
६ ऑगस्ट २०२३

भागीरथाबाई,

तुले जयभीम, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांलेही.

रविवारी फोन केला होता, पण तू काय बोलली ते मले अर्धंही समजलं नाही. साकोलीचं नेटवर्क म्हणजे नुसता वैताग. त्यापेक्षा पत्र बरं.

नवी गाडी घेऊन चार महिने झाले आणि माझं डोस्कं फिरून गेलं आहे. तिच्या निळ्या रंगाची हालत पाहशील तर रडशील. उन्हात उभी केली की बोनेटवर नुसत्या रेघोट्या, गोल गोल, पार छतापर्यंत. परवा दरवाजाले तुझ्या भावजयीचं, शीलाचं नख लागलं तर तिथंही ओरखडा. नख, बाई! माझी जुनी स्कूटर सव्वीस वर्षं सेक्टर १० च्या क्वार्टरपुढे उन्हापावसात उभी राहिली. तिच्या सीटवर बकऱ्या चढत होत्या, तिचा रंग कुठं गेला नाही. आणि ही गाडी मी रोज सकाळी स्वतःच्या हातानं पुसून राहिलो, तरी हे असं. आजकाल रंग लावतात का नुसता रंगाचा वास देतात, कोण जाणे.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. गाडी खडखडते. कधी डॅशबोर्डमधून वाटते, कधी मागच्या सीटखालून. बारीक, सुक्या शेंगेत दाणे हलावे तशी. शोधायले गेलो तर कुठं धड एक नट नाही, सगळं प्लास्टिक आणि तेही चिमट्यानं अडकवलेलं. बाई, मी छत्तीस वर्षं स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्स केला. चालू मशीनजवळून गेलो तरी कोणतं बेअरिंग जाणार ते सांगत होतो. साहेब लोक माणूस पाठवत, गजभियेले बोलवा, जरा कान लावून जाऊ दे. आणि त्याच गजभियेले शोरूमचा गौरव म्हणतो, "अंकल, नई गाड़ी है, थोड़ा सेट होने दो." गाडी आहे का दही आहे, सेट व्हायले?

अशोक विजयादशमीले तुले साकोलीतून गाडीत बसवून दीक्षाभूमीले न्यायचं, हे पक्कं आहे. मी स्वतः चालवणार. पण त्याआधी या लोकांले सोडत नाही. रंगाची आणि आवाजाची लेखी तक्रार देऊन राहिलो. तू मास्तरीण, मसुदा तपासून पाठव.

तुझा भाऊ
चंपत


साकोली
१३ ऑगस्ट २०२३

चंपत,

जयभीम. गुडघ्यांनी तुझा जयभीम घेतला, पण जिना चढायला अजून तयार नाहीत.

मसुदा वाचला. 'निकृष्ट' हा शब्द तीन वेळा लिहिलास आणि तिन्ही वेळा वेगवेगळा चुकवलास. अठ्ठावीस वर्षं गावभरच्या पोरांना शुद्धलेखन शिकवलं, सख्खा भाऊ तेवढा सुटला. लाल पेनाने दुरुस्त केलं आहे, राग मानू नकोस. 'तुमच्या बापाने असा रंग पाहिला होता का' हे वाक्य मी काढून टाकलं आहे. तक्रारीत बाप आणायचा नसतो.

साकोलीचं नेटवर्क चांगलं आहे, बरं का. माझी नीतू पुण्याहून बोलते तेव्हा मला तिच्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येते.

एक विचारते. रोज पुसतो म्हणालास, ते कशाने? तुझा हात मला माहीत आहे. माझ्या शिलाई मशीनचा स्क्रू जरासा ढिला होता, तो तू असा आवळलास की मशीनच मोडीत गेली. तक्रार देण्याआधी याचं उत्तर मला कळव.

आणि गाडी नीट ठेव बाबा. गेल्या वर्षी दीक्षाभूमीला जाताना भंडाऱ्यापर्यंत बसमध्ये उभी गेले. पाय दोन दिवस भोपळ्यासारखे होते. तुझ्या गाडीत माझाही स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही.

भागीरथा


वैशाली नगर, भिलाई
२४ ऑगस्ट २०२३

भागीरथाबाई,

कशानं पुसतो, हा प्रश्न तू आठ दिवस आधी कावून नाही विचारला? तुझं पत्र येईपर्यंत मी जुनाच मसुदा देऊन आलो होतो, बापासकट.

परवा शोरूमनं बोलावलं. मी, आमचा पोट्टा अमरदीप, गौरव आणि त्यांचा मॅनेजर, असे सगळे गाडीभोवती उभे. गौरवनं टॉर्च मारून रेघोट्या पाहिल्या आणि विचारलं, "अंकल, कपड़ा कौन सा यूज करते हो?" मी डिक्की उघडून छाती फुगवून दाखवलं. कॉटन वेस्ट! मिलमध्ये हात, मशीन, बेंच, जेवणाचा डबा, सगळं आम्ही त्याच सुताच्या गोळ्यानं पुसत होतो. माझ्या मते दुनियेत पुसायले त्याच्यापेक्षा चांगली वस्तू नाही. आता हथखोजच्या कारखान्यात आठवड्यातले तीन दिवस जातो, तिथूनच एक पोतं भरून आणलं होतं.

त्यानं तो गोळा घेतला आणि पांढऱ्या कागदावर झटकला. बाई, कागदावर लोखंडाचा कीस पडला. बारीक, चमचम करून राहिला होता. लेथच्या बाजूचं वेस्ट होतं ते. म्हणजे चार महिने, रोज सकाळी, आंघोळ करून, मी माझ्याच गाडीवर कानस चालवत होतो.

मॅनेजर हसला. चहा घेऊन आलेला माणूसही हसला. अमरदीप हसला नाही, ते मले जास्त लागलं.

त्यानंतर आवाजाचं कोण आयकते? गौरव आणि अमरदीप गाडी फिरवून आले, मी मागे बसलो होतो. मी म्हणतो, "आता, आता आली, आयका!" आणि ते दोघं आरशात एकमेकांकडे पाहून राहिले. कागदावर लिहून दिलं, आवाज नहीं पाई गई. घरी आल्यावर अमरदीप म्हणतो, "पप्पा, आवाज गाड़ी में नहीं है, तुमच्या कानात आहे. टीव्ही गल्लीभर ऐकू जातो. नागपूर तुम चलाकर नहीं जाओगे, बस." ज्या पोट्ट्याले मी सायकल धरून शिकवली, तो मले सांगते! मग कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यानं डोक्याले मशीन लावून काहीतरी टूं टूं केलं. रिपोर्ट अमरदीपजवळ आहे, मी पाहिला नाही आणि पाहणारही नाही. मिलमध्ये कानात घालायले बोंडं मिळत होती आणि मी ती खिशात ठेवत होतो, हे कबूल. पण बोंडं घातली असती तर बेअरिंग काय नाकानं आयकलं असतं?

शेवटी मी घरात सर्वांपुढे सांगितलं. बाईले बोलावू. तिचे कान लहानपणापासून तेज. बाईनं म्हटलं आवाज नाही, तर चाबी अमरदीपच्या हातात, पुन्हा स्टिअरिंगले हात लावणार नाही. बाईनं म्हटलं आवाज आहे, तर शोरूमवाल्यांले गाडी उघडावी लागेल आणि या घरात माझ्या कानाचं नाव काढायचं नाही. अमरदीप कबूल झाला. शीला काही बोलली नाही.

तर ये, बाई. दुर्गच्या बसनं ये, स्टॅंडवर मी उभा राहतो. खरं असेल ते सांग. मी तुले काही शिकवणार नाही.

चंपत


साकोली
५ सप्टेंबर २०२३

चंपत,

सुखरूप पोचले. बसमध्ये बसायला जागा मिळाली, देवरीपर्यंत झोपले. शीलाने बांधून दिलेली वांग्याची भाजी रात्रीपर्यंत पुरली.

घरी आल्यावर शांतपणे विचार केला. एवढ्याशा आवाजासाठी नव्या गाडीचा डॅशबोर्ड कशाला उघडायचा? मी त्या दिवशी सर्वांसमोर 'हो' म्हटलं. पण माझ्या पिशवीत स्टीलचा डबा होता, त्यात चमचा होता, त्याचाही आवाज असू शकतो. वयाचा भरवसा नाही, माझ्याही. चाबी तुझ्याजवळ राहिली ना? मग झालं. लगेच शोरूमला पळू नकोस.

तू माझं ऐकशील असं वाटत नाही, तरी लिहिते. गाडी उघडू नकोस. 

शीलाला जयभीम सांग. निघताना ती माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. माझ्यावर रागावली आहे का, ते विचार.

भागीरथा


वैशाली नगर, भिलाई
१४ सप्टेंबर २०२३

भागीरथाबाई,

तुझं पत्र शनिवारी आलं, गाडी गुरुवारीच उघडून झाली होती. आणि तू आता चमच्यावर कावून ढकलून राहिली? तुले साफ आयकू आलं होतं. सिग्नलजवळ मी विचारलं, "आली का?" तू डोळे मिटून म्हटलं, "हाव रे, डावीकडून, त्या कप्प्यातून येते." डावीकडून! मी तर कोनालेही दिशा सांगितली नव्हती. अमरदीपचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी तिथंच गाडी वळवून शोरूमले जाणार होतो, तू म्हटलं आधी जेवू.

दोन दिवस गाडी तिथं होती. गौरवनं अख्खा डॅशबोर्ड काढला. मी समोर खुर्ची टाकून बसलो. आतमध्ये इतके पातळ प्लास्टिकचे तुकडे, खेळण्याच्या गाडीतही याहून जाड असतात. त्याले काही सापडलं नाही म्हणे, पण डावीकडे सगळीकडे फोमच्या पट्ट्या चिकटवून दिल्या.

आणि बाई, डावीकडची खडखड गेली! उजवीकडे कानाजवळ थोडी आहे, तिचं पुढच्या सर्व्हिसले पाहतो. पण डावीकडे एकदम शांत.

घरात मात्र कोनाले त्याची खुशी नाही. शीला गाडीत बसली की दात आवळून बसते. अमरदीप मोबाईलवर गाणं जोरात लावतो. मी म्हणतो, अरे बंद कर, मेहनतीनं शांतता आणली आहे, आयक. तो म्हणतो, "पप्पा, प्लीज." गौरवचेही फोन येऊन राहिले, "अंकल, एक बार गाड़ी लाओ, कुछ क्लिप टूट गए थे." आता कशाले? उघडायले सांगत होतो तेव्हा तोंड वाकडं, आता चांगली झाली तर वापस लाओ.

लोकांले अक्कल नाही हेच खरं. काल सुपेल्याच्या चौकात एक ट्रकवाला अगदी अंगावर आला, हॉर्न नाही, काही नाही, आणि वरून मलेच शिव्या देऊन गेला. शीला घरी येईपर्यंत रडत होती. घाबरते फार.

विजयादशमीले सकाळी सहाले तुझ्या दारात उभा राहतो. तयार राहा.

चंपत


साकोली
२१ सप्टेंबर २०२३

चंपत,

बसून वाच. शीलाने हे पत्र तुझ्या हातात द्यायचं आणि तू वाचून होईपर्यंत तिथून हलायचं नाही, असं मी तिला सांगितलं आहे.

शीलाचा फोन आला होता. तो ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, चंपत. चौकाच्या कितीतरी आधीपासून वाजवत होता. शीला तुझा हात ओढत होती, "थांबा, थांबा" ओरडत होती. तू पुढेच जात राहिलास.

आणि तुझी गाडी शांत नाही. डॅशबोर्ड काढताना चिमटे तुटले, तेव्हापासून ती खरोखर खडखडते. प्रत्येक स्पीड ब्रेकरला, भांड्यांची उतरंड कोसळावी तशी. शीला दात आवळते ती त्यामुळे. अमरदीप गाणं लावतो तेही त्यामुळे. गौरव फोन करतो तो बिचारा आपली चूक निस्तरायला. सगळ्यांना ऐकू येते, तुलाच येत नाही. आणि कोणी तुला सांगत नाही, कारण माझ्या 'हो'ने मी सगळ्यांची तोंडं बंद करून आले.

मी खोटं बोलले. मला काही ऐकू आलं नव्हतं. सिग्नलपाशी काय, कुठेच नाही. गाडी छान चालत होती. तू "आली का?" म्हणून माझ्याकडे पाहिलंस, आणि तुझं तोंड असं झालं होतं, की मी नाही म्हटलं असतं तर तू तिथेच म्हातारा झाला असतास. मला ते बघवलं नाही. मी डावीकडे बसले होते, म्हणून डावीकडून म्हणाले. एवढंच त्याचं कारण.

आणि सगळं तुझ्यासाठीच केलं असंही नाही. तू चाबी दिलीस तर मला पुन्हा त्या बसमध्ये उभं राहून जावं लागलं असतं, हेही मनात आलं. आयुष्यभर पोरांना खरं बोला, खरं बोला म्हणून छड्या दाखवल्या, आणि गुडघ्यांसाठी सख्ख्या भावाला ट्रकपुढे घातलं. माझी मलाच इतकी चीड आली आहे की काल जेवणाचं ताट तसंच सारलं.

पण तुझीही चीड येते. एक माणूस नाही म्हणतो, दोन म्हणतात, डॉक्टर म्हणतो, तर तू तिसऱ्या गावाहून साक्षीदार बोलावतोस! मिलमध्ये असाच वागला असतास तर किती जणांचे हात गेले असते?

माझ्यावर आता विश्वास ठेवू नकोस, ठेवायला मी जागाच ठेवली नाही. मशीन तपासायचास तसं स्वतः तपासून पाहा. पण त्याआधी, माझं एवढं ऐक, त्या चौकात गाडी नेऊ नकोस.

बाई


वैशाली नगर, भिलाई
१ ऑक्टोबर २०२३, रविवार

बाई,

पत्र वाचून तुझ्यावर इतका राग आला की चार दिवस तुझं नाव घेतलं नाही. अजूनही आहे, हे लिहून ठेवतो. नाही म्हणायचं होतं ना, मग सरळ नाही म्हणायचं होतं. मी काय काचेचा आहे?

आज सकाळी शीलाले घेऊन सेक्टर १० मध्ये गेलो. रविवारी तिथले रस्ते रिकामे असतात. अमरदीपले म्हटलं, तू मोटरसायकलनं मागे राहा. शीलाले म्हटलं, आवाज आला की हात वर कर, बोलू नको. पहिल्या ब्रेकरले तिचा हात वर गेला. मले वेगळं काही आयकू आलं नाही, नेहमीचीच बारीक खडखड. दुसऱ्या ब्रेकरले पुन्हा हात. तिसऱ्याले हात तर गेलाच, वरून तिनं तोंडही वाकडं केलं. मले काहीच फरक नाही.

मग झाडाखाली गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. चाबी काढून हातात घेतली. शीलाले विचारलं, आता? तिचे दोन्ही हात मांडीवर होते. म्हणाली, आता काय, गाडी तर बंद आहे. 

बाई, माझी खडखड चालूच होती.

आता मीही खरं लिहितो. हे मले आज समजलं नाही. घरी खुर्चीत बसलो तरी ती असते, उशीवर डोकं टेकलं तरी असते. मी मनाले सांगत होतो, दिवसभर गाडीत असतो, गाडीची सवय लागली आहे. तुले बोलावलं तेव्हा मनात धाकधूक होती की तू नाही म्हणशील. तू हाव म्हटलं आणि मी लहान पोरासारखा खूश झालो. छत्तीस वर्षं याच कानांची इज्जत होती, दुसरं माझ्याजवळ होतं काय?

तिथंच अमरदीपले हात करून बोलावलं आणि चाबी दिली. तो "पप्पा" म्हणून पुढे काहीतरी बोलला, ते मले समजलं नाही, आणि समजलं नाही असं मी त्याले सांगितलं. हे वाक्य तोंडातून काढायले किती जोर लागला, ते मिलमधली दहा माणसं मिळूनही सांगू शकणार नाहीत. मंगळवारी तो मले पुन्हा डॉक्टरकडे नेऊन राहिला, कानाच्या मशीनसाठी. गौरवकडे गाडी तोच नेईल. विजयादशमीले चालवेलही तोच, तुझी पुढची सीट कायम आहे. खोटं बोलली म्हणून तुले बसनं पाठवीन, एवढा मी वाईट नाही.

मोटरसायकल तिथंच लावून घरी येताना अमरदीप गाडी चालवत होता, मी आणि शीला मागे. शीला काहीतरी म्हणाली. माझ्या तोंडून सवयीनं "हाव" निघालं. मग थांबलो आणि म्हटलं, काय म्हटलं तू? तिनं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा ती जवळ सरकून जोरात म्हणाली, "बाजारात थांबा म्हटलं, भाजी घ्यायची आहे!" आणि तिले एकदम रडायलेच आलं. म्हणे, दोन वर्षं झाली, मी काहीही म्हटलं तरी तुम्ही हाव म्हणता. मी समजत होते तुमचं माझ्याकडे लक्षच नाही. मग मीच बोलणं सोडून दिलं.

मी म्हटलं, मग दोन वर्षांत काय काय म्हटलं होतं, ते आता सांग. ती खिडकीकडे पाहून बोलायले लागली. मी म्हटलं, तिकडे नाही, माझ्याकडे तोंड करून सांग.

चंपत